कुष्ठरोग आणि जीन्स : भिंतीवर अर्धंच का लिहायचं?

सातपुडा : आरोग्य केंद्राच्या भिंतीवर ‘कुष्ठरोग आनुवंशिक नाही’ असं रंगवलेलं असतं. खोटं नाही, पण अर्धं आहे. रोग जंतूचा, हे नॉर्वेच्या हॅन्सनने 1873 मध्येच दाखवलं. पण जंतूशी गाठ पडलेल्या बहुतेकांना काहीच होत नाही. ज्यांना होतं, त्यांच्यात प्रतिकारशक्तीच्या जीन्सचाही हात असतो. आपल्याच देशातल्या जुळ्यांवरचा अभ्यास 1973 मध्ये छापून आला होता : एकाला कुष्ठरोग असेल तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण एकसारख्या जुळ्यांत सुमारे 60 टक्के, इतर जुळ्यांत 20. पुढे 2009 मध्ये चिनी रुग्णांच्या तपासणीत एचएलए आणि एनओडी2 हे जीन्स पुढे आले. एचएलए जंतूचे तुकडे प्रतिकारशक्तीला दाखवणारा, तर एनओडी2 हा पेशीच्या आतला पहारेकरी, जंतूच्या भिंतीचा तुकडा ओळखणारा. हे सगळं लोकांपासून का लपवायचं?

वरोऱ्याची मावशी : लपवत कोणी नाही, भाऊ. लग्नाची मुलगी असलेल्या घरात हे कसं पोचतं ते बघा. मोठीच्या दंडावर फिकट चट्टा, टोचलं तरी कळत नाही. आई तिला लांब बाह्यांचे ड्रेस शिवून देते आणि धाकटीचं जमेपर्यंत दवाखान्याचं नाव काढत नाही. तोवर करंगळी वाकलेली असते. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यात 2019 पर्यंत होतं! अशा समाजात ‘जीन्स’ म्हटलं की अख्खं घराणं बाद.

शंकेखोर : मला तर जीन्सचं एवढं कौतुकच कळत नाही. नॉर्वेत गुणकारी औषध यायच्या आधीच रोग ओसरला होता. दोन पिढ्यांत जीन्स बदलले का? राहणीमान बदललं, रुग्णांना वेगळं ठेवलं गेलं. कशाचा वाटा किती, यावर वाद घाला हवं तर. एका खोलीत आठ माणसं झोपतात तिथे एनओडी2 काय करणार?

सातपुडा : गरिबी मान्य. पण त्याच खोलीत एकाला एखादाच चट्टा उठतो, दुसऱ्याच्या अंगभर गाठी येतात, कानाच्या पाळ्या जाड होतात. जंतू तोच, खोली तीच. फरक पडला तो ज्याच्या त्याच्या शरीराने जंतूला दिलेल्या उत्तरात. हे तुमच्या आठ माणसांच्या हिशोबात बसत नाही.

ओपीडीतला : त्वचारोगाचा डॉक्टर आहे. जीन्सची आठवण मला चट्टा बघताना कमी, गोळ्या देताना जास्त होते. एमडीटीच्या, म्हणजे कुष्ठरोगावरच्या एकत्रित औषधांच्या, पाकिटात डॅप्सोन असतं. काही थोड्यांना ते चार-सहा आठवड्यांत उलटतं : ताप, अंगभर पुरळ, यकृताला सूज. कधी जिवावरही बेततं. एचएलए-बी*13:01 हा जीनचा प्रकार अंगात असेल तर धोका बराच वाढतो, हे 2013 मध्ये चीनमधल्या रुग्णांत दिसलं. ती चाचणी माझ्या ओपीडीत होत नाही. मग पाकीट हातात देतानाच बजावतो, ताप-पुरळ आलं तर गोळ्या बंद आणि तडक इकडे.

वरोऱ्याची मावशी : हे कामाचं बोललात डॉक्टर. भिंतीवर लिहायचंच असेल तर हे लिहा. घरच्यांना रोग होऊ नये म्हणून रिफाम्पिसिन या औषधाचा एक डोस देतात, तोही कोणाचे जीन्स बघून नाही. रुग्णाच्या सहवासातला ना, घे गोळी.

सातपुडा : डोसचं बरोबर. पण एखादी बाई विचारते, ‘घरात सासऱ्यांना होता. नवऱ्याला नाही झाला, दिराला नाही, मलाच का?’ आपण गप्प बसलो की उत्तर शेजारीण देते. मागच्या जन्मीचं पाप. त्यापेक्षा जीन्स वाईट?

शंकेखोर : पापापेक्षा बरे, एवढं कबूल.

वरोऱ्याची मावशी : तिला जरूर सांगा, पण दार लावून. आणि सासू बरोबर आली असेल तर आधी तिला चहाला पाठवा.