तेलाची पातळी वाढते आणि क्लच हाउसिंगखाली थेंब पडतात : इंजिन पूर्ण उतरवावे का?

नवखा मालक :
नमस्कार. माझ्याकडे जवळपास ४० वर्षे जुना, तीन सिलिंडरचा डिझेल ट्रॅक्टर आहे आणि त्याच्या इंजिनात ओले लायनर (सिलिंडरमध्ये बसवलेल्या, बदलता येणाऱ्या नळ्या) आहेत, म्हणजे रेडिएटरचे पाणी थेट लायनरच्या बाहेरच्या अंगाला लागते. गेल्या काही आठवड्यांत डिपस्टिकवरील तेलाची पातळी कमी होण्याऐवजी वाढत चालली आहे. रेडिएटरमध्ये दर तीन-चार दिवसांनी थोडे पाणी घालावे लागते, मात्र बाहेर कोठेही ओल दिसत नाही. याशिवाय क्लच हाउसिंगच्या खाली रात्रभरात तळहाताएवढा तेलाचा डाग पडतो. इंजिन सहज सुरू होते, ओढीलाही फारसे कमी पडलेले नाही आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येत नाही. एका मेकॅनिकने काहीही न तपासता संपूर्ण इंजिन बांधून घेण्याचा सल्ला दिला आहे. इंजिन खोलण्यापूर्वी घरच्या घरी काय तपासता येईल, आणि खोलावेच लागले तर काम कोठवर करावे?

जुना फिटर :
सर्वप्रथम ट्रॅक्टर चालवणे थांबवा. तेलात पाणी किंवा डिझेल मिसळले की बेअरिंगवरील तेलाचा थर तुटतो आणि जे काम केवळ रबरी रिंगांवर भागले असते ते क्रँकपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यापर्यंत, जाऊन पोहोचते.

पातळी वाढते याचा अर्थ चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात, काहीतरी उतरत आहे, आणि ते पाणी असेल किंवा डिझेल. हे ओळखणे अवघड नाही. ट्रॅक्टर सपाट जागी रात्रभर उभा ठेवा आणि सकाळी इंजिन सुरू न करता चेंबरचा ड्रेन बोल्ट अगदी हळूहळू सैल करा. पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे ते तळाशी बसलेले असते आणि तेलाच्या आधी तेच बाहेर येते. पाणी न येता पातळ, डिझेलचा वास असलेले तेल आले, तर संशय फीड पंपाच्या फाटलेल्या डायफ्रामवर किंवा डिझेल पंपाच्या शाफ्टच्या सीलवर घ्यावा. तसे असेल तर इंजिन उतरवण्याचा प्रश्नच उरत नाही. टोपणाच्या आतील पांढरट साय पाहून मात्र घाबरून जाऊ नका, कारण थोडा वेळ चालवून बंद केलेल्या निरोगी इंजिनातही वाफेमुळे ती साय जमते.

मापपट्टी :
क्लच हाउसिंगखालचा डाग हा वेगळा आजार असू शकतो, त्यामुळे दोन्हींची सांगड इतक्यात घालू नये. हाउसिंगच्या तळाला एक छिद्र असते आणि त्यात बहुधा एक स्प्लिट पिन लोंबकळत असते. हलत राहून ती छिद्र मोकळे ठेवते. तेथून पडणारे तेल पांढऱ्या कागदावर घ्या. काळे असेल तर ते इंजिनाचे आणि सोनेरी किंवा तपकिरी असेल तर बहुधा गिअरबॉक्सचे.

तेल काळे निघाले तरी क्रँकच्या मागच्या सीलला लगेच दोष देऊ नका. तेल नेहमी खाली आणि मागे वाहते, त्यामुळे रॉकर कव्हरच्या गॅस्केटमधून किंवा तेलाच्या दाबाच्या नळीच्या जोडातून झिरपलेले तेल ब्लॉकच्या पाठीवरून ओघळत नेमके तेथेच येऊन टपकते. इंजिन बाहेरून स्वच्छ धुऊन कोरडे करा, संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर भुरभुरा, अर्धा तास चालवा आणि ओलसर रेघ वरच्या बाजूला कोठे सुरू होते ते शोधा. (अर्थात तेलात पाणी नाही याची खात्री झाल्यानंतरच.) ब्रीदरही (इंजिनाच्या पोटातील दाब बाहेर सोडणारी वाट) उघडून पाहा. तो तुंबला की इंजिनाच्या पोटातील दाब बाहेर पडायला वाट शोधतो आणि चांगले सीलसुद्धा गळू लागते. कित्येकांनी ट्रॅक्टर मधोमध वेगळा करून मागचे सील बदललेले आणि ते पुन्हा गळलेले मी पाहिले आहे, आणि दोष निघाला तो बुजलेल्या ब्रीदरमध्ये.

नवखा मालक :
आपण सांगितल्याप्रमाणे सकाळी ड्रेन बोल्ट सैल केला. प्रथम जवळपास अर्धी वाटी पाणी आले आणि त्यामागून करडे तेल. क्लच हाउसिंगखालचे तेल काळे आहे. ब्रीदरची जाळी जवळजवळ पूर्ण बुजलेली होती. ती धुऊन बसवली आहे. आता हेड गॅस्केट बदलावे का?

जुना फिटर :
हेडला अजून हात लावू नका, कारण हेड उघडले की रेडिएटरवर दाब देऊन तपासण्याची संधी हातची जाते. तेल काढून टाका, चेंबर उतरवा आणि रेडिएटर काठोकाठ भरा. त्याच्या तोंडावर दाब देणारा हातपंप बसवून टोपणावर लिहिलेल्या दाबाइतकाच दाब द्या, त्याहून अधिक नको. प्रत्येक सिलिंडरखाली कोरडा पुठ्ठा ठेवून एक-दोन तास थांबा आणि बॅटरी घेऊन खालून वर पाहा.

लायनरच्या बाहेरच्या कडेवरून, म्हणजे लायनर आणि ब्लॉक यांच्या फटीतून पाणी उतरत असेल, तर लायनरच्या खालच्या ओ-रिंग (पाणी अडवणाऱ्या रबरी रिंगा) गेल्या आहेत. पाणी लायनरच्या आतून, पिस्टनच्या कडेने येत असेल, तर हेड गॅस्केट, हेडमधील चीर किंवा लायनरला पडलेले छिद्र यांपैकी एक कारण असते. ज्या इंजिनांत पाण्याचा पंप टायमिंग कव्हरवर बसवलेला असतो, तेथे पुढच्या बाजूनेही पाणी चेंबरमध्ये येऊ शकते, म्हणून तिकडेही नजर असू द्या.

नवखा मालक :
दुसऱ्या सिलिंडरच्या लायनरच्या बाहेरच्या कडेवरून थेंब पडत आहेत. पहिला आणि तिसरा कोरडे आहेत. केवळ दुसऱ्याच्या ओ-रिंग बदलून भागेल का?

रात्रपाळी :
माझे मत असे की तिन्ही लायनर काढावेत. एकाच वयाच्या तीन जोड्यांपैकी एक कुजली असेल तर उरलेल्या दोन जोड्यांचेही दिवस भरत आले आहेत, आणि हेड, चेंबर व पिस्टन दुसऱ्यांदा उतरवण्याचे श्रम कोणालाही नको असतात.

मापपट्टी :
तिन्ही लायनर काढावेत हे मान्य, पण तेवढ्यावरून सगळे भाग नवे घालावेत असे मी म्हणणार नाही. बदलायचे काय, हे मापांवरून ठरू द्या.

लायनर काढल्यावर त्याचा बाहेरचा पृष्ठभाग पिस्टनच्या दाबाच्या बाजूला नीट पाहा. ज्वलनाच्या धक्क्याने लायनर थरथरतो, त्याच्या अंगाशी पाण्यात बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि धातूला सुईने टोचल्यासारखे खड्डे पडतात. असे खोल खड्डे असतील किंवा ओ-रिंगच्या जागेवर गंजाने खाल्लेले असेल, तर बोअर (लायनरची आतली पोकळी) कितीही गुळगुळीत असला तरी तो लायनर परत बसवू नये. बोअर मोजताना पिस्टनच्या वरच्या रिंगच्या फेऱ्याच्या वरच्या टोकाजवळ मोजा, कारण झीज तेथेच सर्वाधिक असते, आणि प्रत्येक उंचीवर एकमेकांशी काटकोनात दोन मापे घ्या. पिस्टनची रिंग लायनरमध्ये पिस्टनच्या डोक्याने सरळ आत ढकलून तिच्या टोकांमधील फट फीलर गेजने पाहा. १०० मिलिमीटरच्या बोअरला साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर फट असते, तरी अंतिम आकडा आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेतीलच धरावा.

बिग एंड (पिस्टनचा दांडा क्रँकला जोडणारे) आणि मेन (क्रँकला ब्लॉकमध्ये धरणारे) बेअरिंगच्या कॅप काढण्यापूर्वी त्यांवर क्रमांक व दिशा यांच्या खुणा करा. त्यांची अदलाबदल कधीही चालत नाही. शेल, म्हणजे बेअरिंगची अर्धगोल पाती, काढल्यावर त्याच्या पाठीवरचा आकडा वाचा. तेथे ०.२५ किंवा ०.५० (मिलिमीटर) असे कोरलेले असेल तर क्रँक पूर्वीच तेवढा ग्राइंड झालेला (घासून बारीक केलेला) आहे आणि नवे शेल मागवताना हे माप सांगावे लागते. आपल्या तेलात पाणी मिसळलेले होते, म्हणून शेल वरवर चांगले वाटले तरी तेच परत बसवण्याची बचत मी करणार नाही. क्रँकचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे त्याचे गोल भाग) मायक्रोमीटरने मोजून मर्यादेत आणि ओरखड्यांवाचून निघाले, तर ग्राइंडिंगची गरज नाही. मागचे सील मात्र, ट्रॅक्टर मधोमध वेगळा करण्याची वेळ आलीच तर, याच फेरीत बदलून टाका.

जुना फिटर :
बांधणीत बहुतेक चुका लायनर बसवताना होतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. ब्लॉकमधील ज्या जागी ओ-रिंग बसते ती गंज आणि खनिजाचा थर काढून बोटाला गुळगुळीत लागेपर्यंत स्वच्छ करा. नंतर लायनर ओ-रिंगशिवाय घालून पाहा. तो हाताने बसला पाहिजे. बसत नसेल तर जागा अजून अस्वच्छ आहे. याच वेळी लायनर दाबून धरून त्याची कड ब्लॉकच्या वर किती येते ते डायल गेजने चार ठिकाणी मोजा. ही उंची कमी असेल किंवा चारही ठिकाणी सारखी नसेल, तर नवे हेड गॅस्केटसुद्धा टिकत नाही. ओ-रिंगला साबणाचे पाणी लावा, कारण काही प्रकारचे रबर खनिज तेलाने फुगते. तिच्या अंगावरील साच्याची बारीक रेघ सर्वत्र सरळ दिसली पाहिजे. रेघ वळलेली दिसली तर रिंग पिळली गेली आहे.

हेडचा तळ पट्टी आणि फीलर गेजने तपासा, वाकलेला असेल तर फेसिंग करून (घासून सपाट करून) घ्या, आणि बोल्ट मध्यापासून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने टॉर्क पान्याने आवळा. चेंबर चढवण्यापूर्वी पाण्याच्या दाबाची तीच तपासणी पुन्हा करा. या तासाभराचा कंटाळा करणाऱ्याला चेंबर पुन्हा उतरवावे लागते.

नवखा मालक :
काम सुरू करतो. बांधून झाल्यावर इंजिन प्रथम सुरू करताना कोणती काळजी घ्यावी? बराच वेळ मंद गतीवर चालवावे, असे ऐकले आहे.

जुना फिटर :
ते टाळा. प्रथम डिझेल बंद ठेवून स्टार्टरने थोडे-थोडे फिरवत तेलाचा दाब दिसू द्या आणि मगच इंजिन सुरू करा. पाणी गरम झाले की मध्यम गतीवर हलका भार द्या व तो बदलत राहा, कारण भाराशिवाय तासन्‌तास मंद चालवल्यास रिंगा लायनरवर नीट बसत नाहीत, लायनरला चकाकी येते आणि इंजिन तेल खाऊ लागते. पुस्तिकेत हेडचे बोल्ट पुन्हा आवळण्यास सांगितले असेल तर ते त्याच क्रमाने आवळा आणि त्यानंतर टॅपेटची (रॉकर आणि व्हॉल्व्ह यांमधील) फट पुन्हा जुळवा, कारण बोल्ट आवळल्यावर ती कमी होते.