मदत हवी आहे: न्यूक्लिअर पीएचडीच्या कोअर कोर्समधून सूट मिळते का?

अडकलोय
लोकहो, फॉर्म परवा द्यायचाय. पहिलं वर्ष. रिअ‍ॅक्टर फिजिक्स, थर्मल हायड्रॉलिक्स (अणुभट्टीतली उष्णता आणि पाण्याचा प्रवाह), रेडिएशन डिटेक्शन तिन्ही घ्याच म्हणतात. यातलं बरंचसं आधीच केलंय. सूट मिळते का? हो की नाही, एवढंच सांगा.

गणितवेडी
"आधीच केलंय" म्हणजे नेमकं काय? मास्टर्स कशात?

अडकलोय
मेकॅनिकल. हीट ट्रान्सफर दोनदा झालंय.

रात्रपाळी
मग थर्मल हायड्रॉलिक्स झालं असं समजू नकोस. क्रिटिकल हीट फ्लक्स केलंस? इंधनकांडीवर वाफेचा थर धरला की उष्णता पाण्यात जाईना होते आणि क्लॅडिंगचं (कांडीच्या धातूच्या आवरणाचं) तापमान झपकन चढतं. शिवाय विखंडनाची साखळी थांबवली तरी त्या क्षणी पूर्ण शक्तीच्या ६-७ टक्के डिके हीट (किरणोत्सर्गी ऱ्हासातून निघणारी उष्णता) उरतेच. ती काढत बसावी लागते.

मोंटेकार्लोप्रेमी
कोर्सबिर्स सोडा, थेट मोंटे कार्लो कोड (यादृच्छिक आकड्यांनी न्यूट्रॉनचा प्रवास संगणकावर मांडणारे) शिका. समीकरणं हाताने सोडवायचे दिवस गेले.

गणितवेडी
गेले कुठे? क्वालिफायरला (पीएचडीच्या पात्रता परीक्षेला) फळ्यासमोर उभं करतात तेव्हा कोड खिशात नसतो. मला विचारलं होतं: न्यूट्रॉनचं आयुष्य ०.०००१ सेकंद, रिअ‍ॅक्टिव्हिटी (साखळी समतोलाच्या किती पुढे ते) ०.००१, डिलेड न्यूट्रॉन (विखंडनानंतर उशिरा येणारे) नाहीतच असं धरा. पिरियड (शक्ती सुमारे २.७ पट व्हायला लागणारा वेळ) आला ०.१ सेकंद, म्हणजे एका सेकंदात शक्ती २२ हजार पट! युरेनियम-२३५ मध्ये जेमतेम ०.६५ टक्के न्यूट्रॉन उशिरा येतात, तेवढ्यावर तोच पिरियड मिनिटाच्या घरात जातो. आकडा कोडनेही दिला असता. "का?" विचारल्यावर काय करणार होतात?

मोंटेकार्लोप्रेमी
थिसिस शेवटी कोडवरच होतो ताई. बघालच.

हौशी_वाचक
रेडिएशनने केस गळतात का हो? भाचा याच लाइनला जायचं म्हणतोय.

रात्रपाळी
वेगळा धागा काढा की.

अडकलोय
सूट???

जुनं_खोड
मिळू शकते, नियम विभागाचा. नुसत्या मार्कशीटवर सहसा भागत नाही. जुन्या कोर्सचा सिलॅबस जोडून गाइडच्या सहीने अर्ज कर. मात्र कोर्स माफ झाला तरी क्वालिफायर माफ होत नाही, आणि तो बहुधा याच विषयांवर असतो. रिअ‍ॅक्टर फिजिक्सची सूट मागूच नकोस. डिटेक्शनची लॅब केलीयेस?

अडकलोय
दोन दिवसांची कार्यशाळा. गायगर काउंटर हाताळलाय.

गणितवेडी
दोन दिवस! आणि हे म्हणे "बरंचसं".

अडकलोय
बरं, मग फक्त थर्मलचा अर्ज करतो. टू-फेज फ्लोचा (पाणी आणि वाफ एकत्र वाहण्याचा) पूर्ण सेमिस्टरचा इलेक्टिव्ह केला होता, बॉइलिंग क्रायसिससकट (तेच वाफेच्या थराचं). त्याचा सिलॅबस जोडला तर चालेल ना?

रात्रपाळी
अरे, मग हे पहिल्या ओळीत लिहायचं ना! मी उगाच तासभर टाइप करत बसलो.