भारताची सौरवीज आणि इंडोनेशियाचा कोळसा: मार नक्की कशाचा?

कालिमंतनकर: भारताची कोळसा आयात 2023-24 मध्ये साधारण 26.5 कोटी टन होती, 2024-25 मध्ये 24.4 कोटींवर आली. आपल्या औष्णिक कोळशाचा सर्वांत मोठा पुरवठादार इंडोनेशिया. भारत-चीनमध्ये सौरवीज वाढतेय तसा पूर्व कालिमंतनचा, म्हणजे इंडोनेशियाच्या कोळसा-प्रांताचा, गाडा रुतणार. तिथल्या 4200 जीएआरच्या (ओलाव्यासकट मोजून किलोमागे 4200 किलोकॅलरी उष्णता देणाऱ्या) मालात पाणीच तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, म्हणजे जहाजभाडं पाण्याचंही भरायचं.

बॉयलरबाबा: सौरवीज कुठून आली मध्येच? 2024-25 मध्ये देशी कोळसा 100 कोटी टनांपुढे गेला, देशी कोळशात मिसळायला मागवायचा माल घटला. कोळशाच्या जागी कोळसाच आला, याला ऊर्जा-संक्रमण (कोळशाकडून स्वच्छ विजेकडे जाणं) कसं म्हणायचं? शिवाय गुजरातेतल्या मुंद्र्याच्या वीज प्लांटचे बॉयलर आयात मालावरच बेतलेले. त्यात राख दहा टक्क्यांच्या आत, देशी कोळशात 35-40. नुसता देशी माल घातलात तर कोळसा दळायची मिल आणि राख काढायची यंत्रणा दोन्ही तोकड्या पडतील. जहाजं येत राहणार.

कालिमंतनकर: येतील हो, पण किती? मेरिट ऑर्डरमध्ये, म्हणजे स्वस्त वीज आधी घ्यायच्या क्रमात, हे प्लांट तळाला. दुपारी सौरवीज आली की आधी यांनाच खाली आणतात. वीज कायद्याचं कलम 11 लावून, म्हणजे सरकारी आदेशाने, चालवायची वेळ 2022 मध्ये उगाच आली का?

बॉयलरबाबा: ती वेळ कोळसा महागल्यामुळे आली, सौरवीजेमुळे नव्हे. आणि सूर्य मावळल्यावर मागणी चढते तेव्हा कोण धावतं?

खाणहिशेब: तिकडच्या खाणीतही डोकावा जरा. भाव पडला म्हणून खाण लगेच बंद होत नाही. आधी स्ट्रिपिंग रेशो उतरवतात, म्हणजे टनामागे माती कमी काढायची आणि उघडा पडलेला कोळसा उचलायचा. महिन्याचा आकडा छान दिसतो, कंत्राटदाराचे डंपर मात्र उभे. पुढे उघडा कोळसा संपतो, मग साचलेली माती काढायला पैसा नसतो. रॉयल्टी विक्रीभावाच्या टक्क्यांत, मोठ्या खाणींना तर भाव चढेल तसा दरही चढता. त्यामुळे उतरताना सरकारला तिहेरी चाट: टन कमी, भाव कमी, टक्का कमी. पूर्व कालिमंतनमधल्या कुताई तिमुरसारख्या जिल्ह्याचं बजेट याच वाट्यावर उभं आहे.

निकेलवाला: एक बाजू राहिलीच. इंडोनेशियातून 2020 पासून कच्च्या निकेलची निर्यात बंद आहे. तिथल्या मोरोवालीच्या निकेल भट्ट्या स्वतःच्या कोळसा-वीजेवर चालतात आणि त्यातलं काही निकेल बॅटरीत जातं. संक्रमणच इंडोनेशियाचा कोळसा जाळतंय.

खाणहिशेब: मान्य, रॉयल्टी देशांतर्गत विक्रीवरही मिळते. पण भारत-चीनला जाणारा माल कित्येक कोटी टनांचा. तेवढं भट्ट्यांच्या पोटात मावणार आहे का?