मोठी माणसं समोर भेटतात तेव्हा: सीमाभागातले अनुभव

बेळगावला नामवंत माणसं नवी नाहीत. इंदिरा संत याच गावात राहिल्या, पु. ल. देशपांडे राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवत होते. १९४६ आणि २००० ची अखिल भारतीय साहित्य संमेलनं इथं झाली, २०१५ चं नाट्यसंमेलनही झालं. आता भेट होते ती बहुतेक कार्यक्रमाच्या धावपळीत. मग एकाच रात्री एकाच नटाबद्दल दोन मतं कानावर येतात. कुणी म्हणतं, "किती साधा माणूस ओ!" कुणी म्हणतं, "काय गुर्मी, वळून बघितलंसुद्धा नाही." ज्यांचं काम पडद्यामागं असतं त्यांनी लिहावं: ही माणसं प्रत्यक्षात कशी असतात, कधी भेटावं, कुठं बिनसतं. स्वतःचे किस्से नकोत, नावं घेऊन उणीदुणीही नकोत. त्यांनी लिहिलेलं पुढं आहे, प्रत्येक मथळ्यात लिहिणाऱ्याचं काम आणि गाव.

नाट्यप्रयोगाची व्यवस्था, बेळगाव

नट भेटायला सर्वांत वाईट वेळ म्हणजे मध्यंतर, आणि नेमके त्याच वेळी सगळे आत घुसतात. मध्यंतर दहा-पंधरा मिनिटांचं. तेवढ्यात कपडे बदलायचे, रंगभूषा सारखी करायची, चहाचा घोट घ्यायचा आणि पुढच्या अंकाचं पहिलं वाक्य डोक्यात ठेवायचं. त्या अवस्थेत नटाला समोरचा चेहरा दिसतो, पण तो कोण हे त्याच्यापर्यंत पोचत नाही. त्यालाच लोक माज म्हणतात. तिसऱ्या घंटेच्या आधीचा अर्धा तास तर त्याहून नाजूक. काहीजण त्या वेळात कुणाशीच बोलत नाहीत, सहकलाकाराशीसुद्धा नाही.

प्रयोगानंतर पडदा पडला की लगेच रंगपटाच्या, म्हणजे रंगभूषेच्या खोलीच्या, दारात जाऊ नका. विग उतरवणं, गोंद काढणं, तेल किंवा क्रीम लावून रंग पुसणं याला वीस मिनिटं लागतात. ऐतिहासिक नाटक असेल, दाढी-मिशा आणि जिरेटोप असेल, तर जास्तच. चांगले नट या वीस मिनिटांनंतर मनापासून भेटतात, कारण प्रयोग ताजा असतो आणि कुणी काय पाहिलं हे त्यांनाही ऐकायचं असतं. "छान झालं" एवढ्यावर ते हसतात आणि पुढं सरकतात. "दुसऱ्या अंकात तुम्ही पत्र वाचायचं थांबलात तिथं..." असं काही म्हटलंत की थांबतात, विचारतात, कधी खुर्ची ओढून बसायलाही सांगतात.

एक गोष्ट प्रेक्षकांच्या लक्षात येत नाही. दौऱ्यावरचा नट जेवतो प्रयोगानंतर. भरल्या पोटी दम लागतो, आवाज जड होतो, म्हणून दुपारनंतर थोडंसंच खाल्लेलं असतं. रात्री साडेदहाला तो उपाशी असतो. सेट उतरवून ट्रकमध्ये चढेपर्यंत तास-दीड तास जातो आणि त्या वेळात मंडळी जेवून बसमध्ये बसतात, कारण दुसऱ्या दिवशी कोल्हापूर नाहीतर गोवा. भेटीसाठी उरतात जेमतेम पंधरा-वीस मिनिटं. रंगपटाच्या दारात एकच रांग, आत एका वेळी चार माणसं आणि बाहेर पडायला दुसरं दार, एवढं केलं की पन्नास-साठजण सुखानं भेटून जातात. रांग नसेल तर पहिले दहाजण अर्धा तास खातात आणि उरलेले शिव्या देत घरी जातात.

आणखी एक: "मला ओळखलंत का?" हा प्रश्न विचारू नये. वर्षाला शंभर गावं फिरणाऱ्या माणसाला यावर खोटं बोलावं लागतं किंवा ओशाळावं लागतं. त्याऐवजी स्वतःच नाव सांगावं आणि आधीच्या भेटीचा प्रसंग एका वाक्यात सांगावा. आठवलं तर ते स्वतःहून बोलतात.

मैफलींची ध्वनिव्यवस्था, शहापूर (बेळगाव)

गायकाच्या बाबतीत दार उघडणं हाच मोठा गुन्हा. तानपुरे लावून झाले की खोलीतली हवा बदलता कामा नये. पावसाळी दमट हवेत, किंवा वातानुकूलित खोलीतून उघड्या मंचावर नेल्यावर, तारा उतरतात-चढतात आणि सगळं पुन्हा लावावं लागतं. लावायला वीस ते तीस मिनिटं. त्यात दर दोन मिनिटांनी कुणी पाया पडायला आलं तर बुवा चिडतात, आणि चिडलेला सूर लागायला वेळ घेतो. पाया पडायचंच असेल तर मैफल संपल्यावर पडा.

उघड्या मैदानातल्या कार्यक्रमाला रात्री दहाची मर्यादा आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. म्हणून सत्कार लांबले की शेवटची भैरवी आटोपती घ्यावी लागते, कलाकार नाराज होऊन उठतो आणि ती नाराजी भेटायला आलेल्यांना दिसते. यात त्याच्या स्वभावाचा काही दोष नाही. दोष आयोजकांच्या पंधरा शाली आणि पंधरा भाषणांचा आहे. सत्कार मध्यंतरात, दोनच माणसांच्या हस्ते करा, मग बघा मैफलीनंतर तोच कलाकार किती मोकळा बोलतो.

गाणं संपल्यावर दहा मिनिटं कोमट पाणी पिऊ द्या. फर्माईश करायची तर चिठ्ठीवर, मध्यंतराच्या आत, आणि रागाचं नाव लिहिताना वेळेचं भान ठेवून. रात्री नऊला तोडी हा सकाळचा राग मागितला तर गायक नम्रपणे नकार देतात आणि मागणारा मात्र दुखावतो.

ग्रामीण साहित्य संमेलनाची पाहुणे समिती, तालुका बेळगाव

येळ्ळूर, कडोली, उचगाव, कुद्रेमानी, बेळगुंदी या गावांत हिवाळ्यात मराठी संमेलनं भरतात. लेखकाला जवळून बघायचं असेल तर याच्याइतकी चांगली जागा नाही. शहरातल्या सभागृहात लेखक मागच्या दारानं येतो आणि मागच्या दारानं जातो. इथं तो सकाळी ग्रंथदिंडीत टाळ-मृदंगाच्या मागं चालतो, लेझीम बघायला थांबतो, दारात ओवाळून घेतो. गल्लीगल्लीत सडा-रांगोळी बघून पुण्या-मुंबईचे लेखक खरोखर हलतात. दिंडीत त्यांच्याशी बोललेलं चालतं, पण सारखं डावीकडून-उजवीकडून ओढलं की ते गप्प होतात.

त्यानंतरचं वेळापत्रक कधीच पाळलं जात नाही, हे पाहुण्यांना आधी सांगून ठेवावं. उद्घाटन नऊला म्हणून छापलेलं असतं, दीप लागतो अकराला. अध्यक्षीय भाषणाला बाराचा सुमार. तोवर मंडपात ऊन आलेलं असतं, मागच्या ओळीत मुलं उठू लागतात आणि पाहुणा चाळीस मिनिटांचं लिहून आणलेलं भाषण वीस मिनिटांत कापतो. या वेळी त्याचा चेहरा त्रासलेला असतो. लगेच पुस्तक पुढं केलंत तर सही मिळेल, बोलणं होणार नाही.

बोलणं होतं ते स्नेहभोजनानंतर, ग्रंथविक्रीच्या टेबलापाशी. तिथं लेखक आपली पुस्तकं आली आहेत का हे बघायला हमखास येतो. कथाकथन सुरू व्हायला अवकाश असतो, माणूस जेवलेला असतो, मन शांत असतं. पुस्तक हातात घेऊन विचारलेल्या प्रश्नाला लेखक कधीही टाळत नाही. सही हवी तर आतलं शीर्षकपान उघडून द्या, मुखपृष्ठावर नको. मुखपृष्ठाच्या गुळगुळीत कागदावर बॉलपेन चालत नाही, शाईपेननं फरफटतं. शीर्षकपानासाठी जेलपेन जवळ ठेवा. आपलं नाव चिठ्ठीवर आधी लिहून द्या. आपल्याकडची आडनावं, पाटील-देसाई सोडली तर, बाहेरच्या माणसाला ऐकून लिहिता येत नाहीत. खाडाखोड झाली की दोघांनाही वाईट वाटतं. आणि स्वतःच्या कवितांची वही वाचायला देऊ नका. प्रवासात ती हरवते, उत्तर येत नाही आणि मग लेखक घमेंडखोर ठरतो. एक कविता, एक पान, खाली फोन नंबर, एवढं दिलं तर बरेचजण वाचतात.

सीमाप्रश्नाबद्दल एक मनापासून सांगणं. इथं येणारा प्रत्येक मराठी पाहुणा आपल्याबद्दल दोन शब्द बोलावा असं आम्हा सगळ्यांना वाटतं, आणि त्यात गैर काही नाही. पण फोनचा कॅमेरा तोंडासमोर धरून "सर, सीमाभागासाठी एक घोषणा द्या" म्हटलं की माणूस आखडतो. परवानगी कुणाच्या नावावर आहे, पोलिसांनी आयोजकांना काय अटी घातल्या आहेत, हे त्याला माहीत नसतं. आपल्या एका वाक्यामुळं पुढच्या वर्षीचं संमेलन अडचणीत येईल का, अशी भीती त्याला वाटते. तीच गोष्ट कॅमेरा बंद ठेवून, चहा पिताना विचारा. शाळा कशा चालतात, सातबारा कोणत्या भाषेत मिळतो, मुलं पुढं काय शिकतात, हे सांगा. पाहुणे तासभर ऐकतात आणि परत गेल्यावर त्यावर लिहितात.

पाहुण्यांची ने-आण, खानापूर

वर सगळं स्टेजजवळचं लिवलंय, मी गाडीतलं सांगतो. बेळगावचं सांब्र्याचं विमानतळ लहान हाय, पाहुणा लगेच बाहेर येतोय. तिथं हार-तुरे, फोटो करत बसू नका, मागच्या गाड्या हॉर्न मारत असतात. आधी पाणी द्या, गाडीत बसवा. शहरात यायला अर्धा तास, त्या अर्ध्या तासात बहुतेकजण डोळे मिटून असतात. झोपलेत असं नाही, फोन नाही, माणूस नाही, एवढीच वेळ त्यांना मिळते. गाणी लावायची असली तर विचारून. त्यांचंच गाणं तर मुळीच नको.

गोव्याहून चोर्ला घाटानं येणारा पाहुणा उतरला की तोंड पांढरं पडलेलं असतंय. घाटातली वळणं, पोटात नाष्टा आणि पावसाळ्यात धुकं. अशा माणसाला उतरल्या उतरल्या पेढा भरवू नका ओ. लिंबू-पाणी द्या, पंधरा मिनिटं बसू द्या. नाहीतर गर्दीत उभं केल्यावर मळमळतंय आणि लोक म्हणतात, बघ कसा तोंड फिरवतोय. घाट चढायच्या आधी हलकं खायला घालायचं आणि पुढच्या सीटवर बसवायचं, मग त्रास कमी होतो.

भेट म्हणून कुंदा सगळेच देतात. पाव किलोचा बंद डबा पुरे. दुधाचा पदार्थ, प्रवासात फार दिवस टिकत नाही. काचेची मोठी स्मृतिचिन्हं विमानानं जाणारा पाहुणा हॉटेलातच ठेवून जातो. त्याला राग येऊ नये म्हणून कोण सांगत नाही, मी सांगतो.

दुकानांची उद्घाटनं आणि महिलांचे कार्यक्रम, निपाणी

मालिकेतल्या कलाकारांचा करार तासांवर असतो. एक तास ठरलाय म्हणजे गाडीतून उतरल्यापासून एक तास. त्यातली चाळीस मिनिटं मालकाच्या घरचे, भागीदाराच्या घरचे आणि गल्लीतले पुढारी खातात. रांगेत उभ्या असलेल्या बायका-मुलांना उरतात वीस मिनिटं. प्रत्येकानं स्वतःच्या फोननं सेल्फी काढली तर एकाला चाळीस सेकंद लागतात: फोन उघडायचा, कॅमेरा उलटा करायचा, आठवण म्हणून पुन्हा एक. म्हणजे वीस मिनिटांत तीसजण. एकच छायाचित्रकार ठेवून पाच-सहाजणींचा गट उभा केला की तेवढ्याच वेळात दोनशे बायकांचे फोटो सहज होतात, संध्याकाळी ते दुकानाच्या व्हॉट्सॲप गटात टाकता येतात. घाई नसल्यामुळं कलाकारही नीट हसतात.

या कलाकारांचं वागणं बहुधा गोड असतं, पण लोक त्यांना पात्राच्या नावानं हाक मारतात आणि खलनायिका करणाऱ्या बाईंना चिमटेही काढतात. हे थांबवायला हवं. अभिनेत्रीच्या दोन्ही बाजूंना महिला स्वयंसेवक असाव्यात. खांद्यावर, कमरेवर हात टाकून फोटो काढू देऊ नये, आणि हे तिनं सांगायची वेळ येऊ नये. तिनं सांगितलं की ती भांडखोर ठरते. मंचाला चढायची पायरी एका बाजूला, उतरायची दुसऱ्या बाजूला. मंडपवाल्यानं वीस माणसांच्या हिशेबानं टाकलेल्या फळ्यांवर साठजण चढले तर काय होतं हे वेगळं सांगायला नको.

कुस्ती मैदान, आनंदवाडी परिसर (बेळगाव)

पैलवानाला कुस्तीआधी हात लावू नका. अंग गरम केलेलं असतं, डोकं जोडीवर असतं. पाठीवर थाप मारणारे चाहते खरं तर अडथळा करतात. कुस्तीनंतर दहा मिनिटं श्वास जाग्यावर येऊ द्या, माती पुसू द्या. बोटांना पट्टी असेल तर हात मिळवताना दाबू नका, बोट दुखावलेलं असतं. मोडलेल्या कानाला मुलं हात लावतात, तेही नको. बाकी पैलवानासारखा मोकळा माणूस नाही: खुराक विचारा, वस्तादांचं नाव विचारा, तो रस्त्यात उभा राहून सांगतो. हरलेल्याकडंही जा. त्याच्याकडं कुणी जात नाही, आणि डाव कुठं चुकला हे जिंकलेल्यापेक्षा तो जास्त नीट सांगतो.

छायाचित्रण, चिक्कोडी

कन्नड नटांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडं. त्यांचे अभिमानी संघ, म्हणजे चाहत्यांच्या संघटना, शिस्तीचे असतात. संघाच्या पदाधिकाऱ्याला आदल्या दिवशी भेटलात तर रांगेत जागा मिळते, थेट धावलात तर बाउन्सर ढकलतात. "सर" किंवा "अण्णा" म्हणा, मोडकं कन्नड बोललात तरी त्यांना आवडतं. मराठी समजणारेही बरेच निघतात.

फोटोसाठी समोरचा कॅमेरा वापरू नका, मागचा वापरा आणि फोन तिसऱ्याच्या हातात द्या. लेन्स रुमालानं पुसून ठेवा, खिशातल्या तेलकट लेन्सवर मंचाचे दिवे पसरतात. दिवा पाठीमागं असेल तर चेहरे काळे येतात, म्हणून कलाकाराला हलवण्यापेक्षा फोन धरणाऱ्यालाच बाजू बदलायला सांगा. तो दिवसभर उभा असतो, त्याला जागा बदलायला लावू नका. एक फोटो झाला की फोन खाली घ्या आणि मग बोला. फोन खाली गेल्यावरच तो तुमच्याकडं बघतो.