प्लाय कापताना सर्क्युलर सॉ अंगावर आली, मशीन खराब आहे का?

जुळे_सोलापूरकर:
नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात ७ इंची सर्क्युलर सॉ (गोल पात्याची हातात धरायची विजेची करवत) घेतली, घरच्या घरी दोन कपाटं आणि पोरीचं अभ्यासाचं टेबल करायचं म्हणून. रविवारी गच्चीवर १९ एमएमचा प्लाय दोन प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आडवा टाकला, मधोमध रेघ मारली आणि लागलो कापायला. अर्ध्यापर्यंत मस्त गेलं, मग मशीनचा आवाज बसला, मी जरा जोर लावला तर धाडकन उडी मारून मागं माझ्याकडंच आली. मांडीपासून वीतभर लांब थांबली असेल. बायको तिथंच कपडे वाळत घालत होती, ती जी ओरडली, तेव्हापासून मशीन खोक्यात आणि खोकं पलंगाखाली.

दुकानदार म्हणतो मशीन ओके आहे. मेव्हणा म्हणतो खालचं गार्ड (पात्यावरचं सरकतं झाकण) अडकत असेल, तारेनं वर बांधून टाका, सगळे मिस्त्री तसंच करतात. ऑफिसातला एकजण म्हणतो ही विकून मार्बल कटर (फरशी कापायचं छोटं मशीन) घे आणि त्याला लाकडाचं ब्लेड लाव. गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे यायच्या आत कपाट उभं करायचंय. काय करू?

धोटा_उडाला:
मशीन ठीक आहे हो, खुर्च्यांनी घात केला. प्लाय दोन टोकांना टेकवून मधे कापला की दोन्ही अर्धे आपल्या वजनानं मधे झुकतात, वरून चीर मिटत जाते आणि ब्लेड चिमटीत सापडतं. ब्लेडचे दात खालून पुढं आणि पुढून वर असे फिरतात, लाकडानं ते आवळून धरले की ब्लेड लाकूड ढकलू शकत नाही, मग मशीनच मागं पळते. आवाज बसला तेच चिन्ह होतं, तिथं जोर लावायच्या ऐवजी बटण सोडायचं आणि ब्लेड पूर्ण थांबेपर्यंत मशीन आहे तिथंच दाबून धरायची. फिरतं ब्लेड चिरेतून उचलायचं नाही.

खुर्च्या सोडा, गच्चीवर जमिनीवरच थर्माकोलचं जाड शीट टाका, त्यावर प्लाय. दोन्ही तुकडे शेवटपर्यंत टेकलेले राहतात, काही झुकत नाही. ब्लेडची खोली मात्र प्लायच्या खाली ४-५ एमएम बाहेर येईल एवढीच, म्हणजे १९ च्या प्लायला साधारण २४. बरेच लोक पूर्ण ब्लेड खाली सोडून कापतात, गरज नसताना खाली इतकं पातं फिरत ठेवायचं कशाला.

आणि उभं राहायचं रेघेच्या बाजूला. आमचे वडील अक्कलकोट रोडला कापडाच्या मागावर होते, धोट्याच्या (सूत घेऊन इकडून तिकडं धावतो तो, कधीकधी उडतो पण) रेषेत कोणी उभं दिसलं की कामगार आधी शिवी घालायचे, मग कारण सांगायचे. सॉचं पण तसंच समजा.

पटाशी_रंधा:
मेव्हण्याला सांगा तार स्वतःच्या मशीनला बांधा म्हणून. मी २२ वर्षं हेच काम करूलालोय, गार्ड बांधलेल्या मशीनी लई बघितल्या आणि बांधणारे पण. गार्ड अडकतंय तर प्लग काढा (बटण बंद केलं म्हणजे झालं असं नाही, प्लग काढा), जुन्या टूथब्रशनं आतला भुसा झाडा, हातानं मागं ओढून सोडून बघा, खटकन जाग्यावर आलं पाहिजे. नाही आलं तर स्प्रिंग बदलून घ्या. कडेची बारीक पट्टी कापताना कधीकधी गार्ड सुरुवातीला खरंच अडतं, त्यासाठी त्याला खुंटी असते, तिनं जरा उचलायचं आणि ब्लेड आत शिरलं की सोडून द्यायचं.

मार्बल कटर मी पण वापरतो, खोटं कशाला बोलू. हलकं पडतं, स्वस्त पडतं. पण त्याचं गार्ड आपोआप खाली येत नाही, खालचं पातं कायम उघडं, आणि फिरतं १२-१३ हजार आरपीएमनं, तुमची सॉ ५ हजाराच्या आसपास. माझ्या डाव्या अंगठ्याला नख अर्धंच येतं. बटण सोडलं होतं, ब्लेड अजून फिरत होतं, खाली ठेवायला गेलो आणि दुसऱ्या हातानं प्लाय सरकवला. एवढंच. शिवाय कटरचं बटण लॉक होतं, लाइट गेली म्हणून आपण चहाला उठलो आणि लाइट आली की मशीन फरशीवर एकटीच नाचूलालीय, हे मी साइटवर डोळ्यानं बघितलंय. घरी करायचं तर सॉच बरी.

हातमोजे नकोत, मनगटातला गंडादोरा सुटा लोंबत असेल तर काढून ठेवा. चष्मा आणि मास्क हवाच, प्लायची धूळ लई बारीक असते.

जुळे_सोलापूरकर:
धन्यवाद दोघांनाही 🙏 थर्माकोल आणला, आज सकाळी सातलाच केलं, नंतर गच्चीवर पाय ठेववत नाही. एकदाही अडकली नाही. पण रेघ शेवटी ३ एमएम वाकडी गेली आणि सनमाइकाच्या कपच्या उडाल्या. ब्लेड २४ दाताचं आहे, मशीनबरोबर आलेलं.

धोटा_उडाला:
२४ दाती लाकूड उभं फाडायला, प्लायला ६० दाती घ्या. घेताना भोकाचं माप बघा आणि ब्लेडवर छापलेला आरपीएम मशीनपेक्षा जास्त आहे का ते पण. बसवताना बाणाची दिशा बघा, उलटं लावणारे पण भेटलेत. दात खालून वर कापत येतात म्हणून कपच्या वरच्या बाजूला उडतात, त्यामुळं चांगली बाजू खाली ठेवायची. वाकडं जायला इलाज म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा सरळ बॉक्स पाइप दोन शिकंज्यांनी आवळून त्याला मशीन घासत नेणं. आधी बेसच्या कडेपासून ब्लेडपर्यंतचं अंतर मोजून घ्या, दाताची जाडी धरून.

पटाशी_रंधा:
आणि पहिला काप रद्दी तुकड्यावर. वायर खांद्यावरून मागं टाका, एक्स्टेन्शन गुंडाळून ठेवू नका, पूर्ण उलगडा, गरम होतं. कपाटाच्या फळ्यांची मापं टाका इथं, ८ बाय ४ च्या एका शीटमधून किती निघतील बघतो.

जुळे_सोलापूरकर:
संध्याकाळी टाकतो. बायको विचारतेय, अंगठा आता दुखत नाही ना तुमचा?

पटाशी_रंधा:
थंडीत ठणकतो. सोलापुरात थंडी असते कुठं 😄