मदत हवी आहे : कुत्रे थरथर कापत आहे, भाकरीला तोंड लावत नाही

जागलीवाला (सकाळी ८.४०)
नमस्कार. आमचे वावरातले कुत्रे काल रात्रीपासून थरथर कापत आहे आणि आज सकाळी त्याने भाकरीला तोंडही लावलेले नाही. एरवी रात्रभर तुरीच्या धुऱ्याने फिरून रानडुकरे हाकलणारे हे जनावर आता कोठ्याच्या भिंतीला टेकून नुसते धापा टाकत आहे. उठवले तर चारही पाय ताठ ठेवून दोन पावले चालते आणि पुन्हा बसते. तोंडातून थोडी लाळही गळते. आमचे गाव मुकुटबनच्या बाजूला आहे. जवळच्या दवाखान्यातील डॉक्टर जनावरांच्या लसीकरणासाठी दुसऱ्या गावी गेलेले असून संध्याकाळशिवाय भेटणार नाहीत. गावात औषधांचे दुकान आहे, तेव्हा कोणते औषध आणायचे एवढेच कृपया सांगावे.

पऱ्हाटी (८.५२)
दादा, औषधाचे नाव विचारण्याआधी आजूबाजूच्या कोणत्या वावरात फवारणी झाली ते सांगा. लाळ, थरथर आणि धाप ही तिन्ही लक्षणे कीटकनाशकाच्या विषबाधेत दिसतात. फवारलेल्या पऱ्हाटीतून, म्हणजे कपाशीतून, कुत्रे फिरले आणि नंतर त्याने आपले अंग चाटले, तरी विष पोटात जाते. त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या उजेडात नेऊन पाहा; त्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक झाल्या असतील तर एक क्षणही घालवू नका. २०१७ साली आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले होते. जिथे माणसाची ही गत होते, तिथे कुत्र्याचे काय सांगावे?

चिखलदरेकर (८.५८)
मला हा सरळ सरळ गोचीड ताप वाटतो. आमच्या कुत्र्याला मागच्या पावसाळ्यात तो झाला होता आणि त्यानेही असेच अन्न सोडले होते. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत आणि शेपटीखाली गोचीड आहेत का ते पाहा, तसेच ओठ वर करून हिरड्यांचा रंग पाहा. हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर रक्ततपासणी करून डॉक्सिसायक्लिन सुरू करावे लागते आणि त्याचा पूर्ण कोर्स द्यावा लागतो. आमचे कुत्रे त्यानेच वाचले.

पऱ्हाटी (९.०३)
गोचीड तापात कुत्रे मलूल पडते, त्याचे पाय ताठ होऊन अंग थरथरत नाही. आपण प्रत्येक धाग्यावर गोचीड तापच सांगता.

चिखलदरेकर (९.०६)
कारण आपल्याकडच्या निम्म्या कुत्र्यांना तोच झालेला असतो आणि आपण प्रत्येक धाग्यावर फवारणीच सांगता.

नदीकाठचा (९.०९)
घशात हाडूक अडकले असेल. लाळ गळते आणि खात नाही, म्हणजे दुसरे काय असणार? दोघांनी धरून जबडा उघडा आणि बोट घालून पाहा.

शाळामास्तर (९.१२)
वरील सल्ला कृपया कोणीही पाळू नये. पिसाळलेल्या कुत्र्याचा घसा लुळा पडतो, त्याला गिळता येत नाही आणि पाहणाऱ्याला नेमके हाडूक अडकल्यासारखेच वाटते. अशा कुत्र्याच्या तोंडात हात घालून लोकांनी रेबीज ओढवून घेतलेला आहे. त्याला रेबीजची लस टोचलेली आहे का, अलीकडे दुसऱ्या कुत्र्याने किंवा कोल्ह्याने चावा घेतला होता का, हे आधी सांगावे. घरात कुणाच्या जखमेला त्याची लाळ लागली असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवून आजच दवाखाना गाठावा, कारण लक्षणे दिसू लागल्यानंतर या रोगावर इलाज उरत नाही.

जागलीवाला (९.२०)
आपण सगळे प्रश्नच विचारत आहात. आजूबाजूला सध्या कापसाची वेचणी चालू आहे, फवारणी कुठेही नाही. बाहुल्या बारीक नाहीत, उलट मोठ्याच दिसतात. हिरड्या चांगल्या लाल आहेत आणि गोचीड एकही सापडला नाही. रेबीजची लस मागच्या उन्हाळ्यात टोचलेली असून त्याचे कार्ड घरात आहे. चावा कुणी घेतलेला नाही. माणसे ओळखते, हाक मारली की शेपटीही हलवते. आता तरी औषध सांगावे.

निवृत्त पर्यवेक्षक (९.२६)
भाऊ, मी पशुसंवर्धन खात्यात नोकरी केलेली आहे, म्हणून थोडे नेमके विचारतो. वय किती? अंगाला हात लावल्यावर भाजल्यासारखे गरम लागते का? आणि नर आहे की मादी? मादी असल्यास ती व्यालेली आहे काय?

जागलीवाला (९.२९)
मादी आहे, वय चार वर्षे असावे. अंग चांगलेच तापलेले आहे. दिवाळीच्या आदल्या दिवशी ती व्याली असून सहाही पिल्ले धडधाकट आहेत आणि आताही तिला लुचत आहेत. पण माझी विचारणा पिल्लांबद्दल नाही, तिच्याबद्दल आहे.

निवृत्त पर्यवेक्षक (९.३३)
आपण जे सर्वांत शेवटी सांगितले तेच सर्वांत आधी सांगायला हवे होते. दिवाळीला आता तीन आठवडे होत आले, म्हणजे सहा पिल्लांना पाजणाऱ्या आईचे दूध या वेळी भरात असते. दुधावाटे रक्तातील कॅल्शियम इतक्या वेगाने निघून जाते की शरीर त्याची भरपाई करू शकत नाही. मग स्नायू आकसतात, पाय ताठ होतात, थरथर सुटते आणि त्या थरथरीनेच ताप १०५ अंशांच्या वर जातो. निरोगी कुत्र्याचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट असते. पुढची पायरी झटक्यांची आहे आणि त्यात जीव जातो. संध्याकाळपर्यंत थांबू नका. पिल्ले या क्षणी तिच्यापासून वेगळी करा, म्हणजे निदान उरलेले कॅल्शियम तरी अंगात राहील. अंगावर साध्या पाण्यात भिजवलेले कापड ठेवा, बर्फ नको. तोंडात पाणी, ताक किंवा औषध काहीही ओतू नका, कारण या अवस्थेत ते फुप्फुसात जाते. गाडी करून तिला वणीला न्या, निघण्याआधी तिथल्या डॉक्टरांना फोन करा आणि बाळंत कुत्रीला कॅल्शियम कमी पडल्याची शंका आहे, हे शब्द सांगा.

दूधसंकलन (९.३८)
हा तर आपल्या गाईंचा दुग्धज्वर झाला. मग वणीपर्यंत जाण्याची गरजच काय? गाईला लावायची कॅल्शियमची बाटली प्रत्येक दुभत्या घरी असते. गावातला जो माणूस गाईला सलाईन लावतो त्याच्याकडून अर्धी बाटली लावून घ्यावी. शिरेत जमले नाही तर कातडीखाली द्यावी. आमच्या गाई अर्ध्या तासात उठून उभ्या राहतात.

निवृत्त पर्यवेक्षक (९.४१)
कृपया असे करू नका, हे मी हात जोडून सांगतो. गाईची बाटली ४५० मिलिलिटरची असते, तर वीसेक किलोच्या कुत्रीला जेमतेम दहा-वीस मिलिलिटर लागते आणि तेही अतिशय हळूहळू, छातीला नळी लावून हृदयाचे ठोके ऐकत ऐकत द्यावे लागते. ठोके मंदावले की तिथेच थांबावे लागते. वेगाने दिलेले कॅल्शियम हृदय बंद पाडते. शिवाय गाईच्या बाटलीत बहुधा मॅग्नेशियम आणि इतर क्षारही मिसळलेले असतात. कातडीखाली दिले तर ती जागा सडून जखम होऊ शकते.

दूधसंकलन (९.४५)
काका, तुमचा मान राखून विचारतो. दुग्धज्वरात गाय थंडगार पडते, तिचे कान बर्फासारखे लागतात. इथे तर अंग तापले आहे असे सांगत आहेत. मग हा तोच आजार कसा?

निवृत्त पर्यवेक्षक (९.४९)
प्रश्न योग्य आहे. कमतरता तीच असली तरी दोन्ही जनावरांत तिचा परिणाम उलटा दिसतो. गाईचे स्नायू ढिले पडतात, म्हणून ती बसते, मान वळवून घेते आणि थंड होते. कुत्रीचे स्नायू सतत आखडत राहतात आणि त्या श्रमाने अंग तापते. ताप पाहून कुणी तापाची गोळी देत बसले तर वेळ हातचा जातो.

जागलीवाला (९.५१)
पिल्ले टोपलीत घालून माझ्या आईकडे दिली आहेत. शेजाऱ्यांची गाडी मिळाली, निघत आहे.

गॅलरीतला लॅब्रा (१०.१५)
आम्ही नागपूरला राहतो आणि आमच्या लॅब्राडोरला असा त्रास कधीच झाला नाही, कारण आम्ही त्याला चांगल्या प्रतीचे पाकीटबंद खाद्य देतो. भाकरी हे कुत्र्याचे अन्नच नव्हे. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात उत्तम तज्ज्ञ आहेत, त्यांनी तिला थेट तिकडेच आणावे.

पऱ्हाटी (१०.२२)
आपला लॅब्राडोर नर आहे, तो व्यायला असता तर नवल होते. आणि मुकुटबनहून नागपूर गाठेपर्यंत कुत्री जगायला हवी ना.

कोठ्यावरची (१०.४०)
भाकरीची कुचेष्टा करू नये, पण त्या बोलण्यात थोडे तथ्य आहे. अंगावर सहा पिल्ले असताना कुत्रीला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट खाणे लागते आणि आपण तिला रोजचीच दीड भाकरी टाकतो. आमच्याकडे अशा दिवसांत ज्वारीच्या भाकरीसोबत उकडलेली अंडी, वरण आणि कोंबडीच्या दुकानातील पाय-मुंड्या शिजवून दिवसातून चार वेळा देतात. त्यासोबत आम्ही कुत्री गाभण राहिल्यापासून गाईच्या कॅल्शियमचे चाटणही सुरू करतो, म्हणजे पुढे हा प्रश्नच येत नाही.

निवृत्त पर्यवेक्षक (१०.५५)
ताई, खाण्याविषयी आपले म्हणणे बरोबर आहे, चाटणाविषयी नाही. गाभणपणात बाहेरून आयते कॅल्शियम मिळत राहिले की हाडांतून ते काढून रक्तात आणणारी शरीराची यंत्रणा सुस्त पडते आणि व्याल्यानंतर एकदम गरज वाढली की ती वेळेवर जागी होत नाही. त्यामुळे हा आजार टळण्याऐवजी ओढवण्याची शक्यता वाढते. कॅल्शियम द्यायचेच तर व्याल्यानंतर, डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाने द्यावे.

कोठ्यावरची (११.०२)
आमच्या दोन कुत्र्यांना तर काही झाले नाही. तरीही आपण सांगता म्हणून पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारूनच देईन.

नदीकाठचा (११.१०)
देशी कुत्र्यांना हे असले आजार होत नाहीत, हे शहरी आणि विलायती कुत्र्यांचे आहे.

शाळामास्तर (११.१४)
लहान चणीच्या जातींत तो अधिक आढळतो हे खरे आहे, परंतु जास्त पिल्ले आणि अपुरे खाणे असल्यास कोणत्याही कुत्रीला तो होऊ शकतो. सकाळी आपणच हाडूक काढायला सांगत होता, याची नम्र आठवण करून देतो.

जागलीवाला (सायंकाळी ५.३५)
आत्ताच घरी पोहोचलो. वाटेत तिला एकदा झटका आला होता, त्यामुळे दवाखान्यात नेताना तिला उचलूनच न्यावे लागले. ताप १०६ भरला. डॉक्टरांनी रक्त घेतले, परंतु त्याच्या उत्तराची वाट न पाहता शिरेतून कॅल्शियम देण्यास सुरुवात केली. एक हात सिरिंजवर आणि कानाला नळी लावून ते अगदी थेंबाथेंबाने देत होते. औषध संपण्याच्या आतच थरथर थांबली आणि थोड्या वेळाने ती स्वतः उठून पाणी प्यायली. आता कॅल्शियमच्या गोळ्या आणि ड जीवनसत्त्व सुरू केले आहे. पिल्ले तिच्याकडे परत सोडायची नाहीत, असे डॉक्टरांनी बजावले आहे. पुन्हा लुचू दिले तर हाच प्रकार उलटतो म्हणाले. परंतु पिल्लांना काय पाजायचे हे विचारायचे गडबडीत राहून गेले. घरी गाईचे दूध भरपूर आहे. ते चालेल काय?

कोठ्यावरची (५.४८)
निव्वळ गाईचे दूध पाजू नका, पिल्लांना हगवण लागते. कुत्रीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिने गाईच्या दुधापेक्षा कितीतरी जास्त असतात आणि दुधातली साखर कमी असते. पिल्लांसाठी दुधाची भुकटी मिळते, ती उद्या वणीहून मागवून घ्या. आजची रात्र बकरीचे दूध कोमट करून थोडे थोडे पाजा. पाजताना पिल्लू माणसाच्या बाळासारखे उताणे धरू नका, पोटावर ठेवून मान किंचित वर करून पाजा, म्हणजे दूध फुप्फुसात जाणार नाही. दर चार ते सहा तासांनी पाजावे लागेल. तीन आठवड्यांची पिल्ले थाळीतले चाटायला शिकतात, तेव्हा भुकटीच्या दुधात मऊ शिजवलेला भात आणि उकडलेले अंडे कालवून एक-दोन दिवसांत तेही ठेवून पाहा. रात्री गारठा पडतो, टोपलीत पोते आणि जुने लुगडे अंथरा.

निवृत्त पर्यवेक्षक (५.५५)
ताईंनी सांगितलेले सर्व बरोबर आहे. आईला दोन-तीन दिवस लांब, शक्यतो पिल्लांचा आवाज ऐकू येणार नाही अशा जागी बांधा. तिचे आचळ कडक, लाल किंवा गरम झाले तर डॉक्टरांना कळवा. पिल्लांना सहा ते आठ आठवड्यांची झाल्यावर पहिली लस आणि तीन महिन्यांची झाल्यावर रेबीजची लस द्यावी. जंताचे औषध मात्र त्याआधीच, म्हणजे या आठवड्यातच विचारून घ्या.

शाळामास्तर (६.१०)
एक सूचना करतो. ज्या कुत्रीला हा त्रास एकदा झाला तिला पुढच्या वेळी पुन्हा होण्याची शक्यता असते. दूध पूर्ण आटल्यावर तिची नसबंदी करून घ्यावी.

नदीकाठचा (६.१६)
नसबंदी केली की कुत्री सुस्त होते आणि जागलीच्या कामाची राहत नाही. मग रानडुकरे आणि रोही काय मास्तर हाकलणार आहेत का?

शाळामास्तर (६.२१)
आमच्या शाळेच्या आवारातील कुत्रीची नसबंदी झालेली आहे आणि ती आजही अनोळखी माणसाला फाटकाच्या आत येऊ देत नाही. नसबंदीनंतर खाणे आवरले नाही तर वजन वाढते, एवढे खरे. राखण करण्याची वृत्ती त्याने जात नाही. उलट माजावर आलेल्या कुत्रीमागे गावातले सगळे कुत्रे वावरात गोळा होतात आणि तुरीची नासाडी होते, ती टळते. गर्भाशयात पू होण्याचा आजारही टळतो.

जागलीवाला (६.४०)
नसबंदीचे डॉक्टरांनीही सुचवले आहे, पिल्ले सुटल्यावर करून घेणार आहोत. बकरीचे दूध शेजारून मिळाले असून चार पिल्ले व्यवस्थित प्यायली, दोन नुसती बोंडी चावत आहेत. त्यांच्यासाठी काही युक्ती असल्यास सांगावी.

कोठ्यावरची (६.४४)
बोंडीचे छिद्र लहान असेल. बाटली उलटी धरल्यावर दूध आपोआप थेंबाथेंबाने पडायला हवे, धार लागता कामा नये. तरीही प्यायली नाहीत तर सुई काढलेल्या सिरिंजने गालाच्या आतल्या बाजूला थोडे थोडे सोडा.

पऱ्हाटी (६.५०)
पिल्ले मोठी झाल्यावर एक आमच्यासाठी ठेवा, दादा. आमच्या वावरात यंदा डुकरांनी हरभऱ्याची पेरणी उकरून टाकली. मादी असली तरी चालेल.

जागलीवाला (७.०५)
दोन आधीच ठरलेली आहेत. सध्या जी दोघे बाटलीला तोंड लावत नव्हती त्यांपैकी एक काळी मादी असून तिने आत्ता सिरिंजने दूध घेतले. ती चालणार असेल तर दोन्ही लसी झाल्यावर न्यायला या.