म्हातारा कसा उभा करायचा? प्रभावळकरांचं काय पाहू?

आमच्या हौशी ग्रुपच्या एकांकिकेत मला सत्तरीचे आजोबा करायचे आहेत. माझं वय २३. तालमीत दिग्दर्शक रोज ओरडतात, "वाकू नकोस, म्हातारा हो!" आई म्हणाली, दिलीप प्रभावळकर बघ. 'लगे रहो मुन्नाभाई'तले गांधीजी आणि 'दशावतार' एवढंच पाहिलंय. जुनं काय पाहू?

प्रतिसाद १
'श्रीयुत गंगाधर टिपरे', डोळे झाकून. २००१ साली मालिका आली तेव्हा ते साठीचेही नव्हते, तरी घरातले आजोबा, आबा म्हणून कुठे पाठ वाकवलेली नाही. शिवाय मालिका त्यांच्याच 'अनुदिनी' या सदरावरून झाली. त्या घरातलं प्रत्येक माणूस त्यांनी आधी लिहून काढलेलं होतं.

प्रतिसाद २
बाळा, आबा बघच, पण आधी 'चौकट राजा' (१९९१) बघ.

आमच्या चाळीत एकाच घरी टीव्ही होता. तिथे दाटीवाटीने बसून 'चिमणराव' पाहिले, शेजारी बाळ कर्व्यांचे गुंड्याभाऊ. त्यामुळे प्रभावळकर म्हणजे हसायचं, हे डोक्यात पक्कं. मग वडिलांबरोबर 'नातीगोती' नाटक पाहिलं, जयवंत दळवींचं. त्यात मतिमंद मुलाचे वडील प्रभावळकर, मुलगा अतुल परचुरे. माझा धाकटा भाऊ तसाच होता. मध्यंतरात वडील खुर्चीतून उठले नाहीत. मी चहा आणून दिला, तो हातातच गार झाला.

आणि नंतर 'चौकट राजा' सिनेमात हाच माणूस मतिमंद नंदू झाला. आधी बाप, मग मूल! खरं तर नंदू परेश रावळ करणार होते, ती भूमिका नंतर यांच्याकडे आली. नंदू बोलताना शब्द सापडेपर्यंत जो वेळ जातो ना, तो आमच्या घरातला होता. भाऊ काही सांगायला लागला की आम्ही सगळे तसेच थांबायचो. प्रभावळकर तिथे काहीतरी 'करून दाखवत' नाहीत. नंदूला त्याच्या बालमैत्रिणीला, मुन्नीला काही सांगायचंय, तेवढंच त्यांच्या डोळ्यांत असतं.

तुझ्या आजोबांना त्या प्रवेशात काय हवंय, ते आधी शोध. पाठीचं नंतर बघू.

धागाकर्ता
काका, दोनदा वाचलं. आजोबांना नातवाने थोडा वेळ जवळ बसायला हवंय, पण ते तसं म्हणत नाहीत. मी सगळा वेळ काठीकडे लक्ष देत होतो. मेकअप, विग किती लावू?

प्रतिसाद ३
रंगभूषेला कमी लेखू नका हं. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्यातली चेटकीण हेच, आणि 'हसवाफसवी'त एका प्रयोगात सहा भूमिका. विंगेत कपडे बदलून लगेच दुसरा माणूस! पण त्यातले कृष्णराव हेरंबकर, ते थकलेले संगीत नट, आले की थिएटर आपोआप शांत व्हायचं. ती शांतता विगने येत नाही. पुढे पुष्कर श्रोत्रीने ते नाटक केलं, तेही मनापासून केलं.

प्रतिसाद २
हेरंबकरांबद्दल अगदी खरं. आणि मुला, काठी दोन तालमी बाजूला ठेव. नातू उठून जायला निघेल तेव्हा त्याला थांबवायला तुझा हात कुठे जातो, ते बघ.

धागाकर्ता
उद्या काठी घरी ठेवून जातो. नातू करणाऱ्या मित्रालाही सांगतो, लवकर ऊठ.